फर्स्ट पीस ओके

मी गेली बावीस वर्षं कासारवाडीत लोकांना इंग्रजी बोलायला शिकवते, आणि एवढ्या वर्षांत एकाही इंग्रजाशी बोललेली नाही. त्याचं मला काही वाटत नाही. हार्डवेअरच्या दुकानावर एक खोली, वीस खुर्च्या, एक फळा आणि बाहेर पाटी : मंजुषा इंग्लिश क्लासेस. हिंजवडीत नोकरी लागावी म्हणून मुलं येतात, आणि त्या मुलांचं बोलणं आपल्याला कळावं म्हणून मागाहून त्यांच्या आया येतात. माझा स्वभाव तापट आहे हे स्टेशनपासून नाशिक फाट्यापर्यंत सगळ्यांना माहीत आहे. तरी क्लास चालतो. ओरडून शिकवलेलं डोक्यात राहतं, असा आपल्या लोकांचा समज आहे आणि मी तो कधी खोडून काढला नाही.

गेल्या वर्षी चाकणच्या एका कंपनीतून मला फोन आला. कंपनीचं नाव सांगत नाही, उगाच कुणाच्या तोंडी लागायची माझी इच्छा नाही. गाड्यांचे पत्र्याचे भाग मोठाल्या प्रेसवर दाबून काढायचा तो कारखाना. फोन करणारा ज्ञानेश हा तिथला एचआर मॅनेजर. वय तिशीच्या आत, दाढी कोरलेली, आणि बोलताना समोरच्याच्या डोक्यावरची भिंत बघायची सवय. परदेशी कस्टमर येणार होता. लाइन सुपरवायझरची एक जागा निघाली होती, आणि कस्टमरशी चार वाक्यं बोलेल अशा कामगाराला ती मिळणार होती. अकरा जणांनी नावं दिली होती. मी तीन महिने शिकवायचं, मग प्लांट हेड तोंडी परीक्षा घेणार.

ज्ञानेशने माझ्या हातात इंग्रजी वाक्प्रचारांची यादी ठेवली. दहा होते. पहिलाच होता ‘टो द लाइन’. तो त्याला इतका आवडला होता की कँटीनच्या भिंतीवर त्याने फलक लावला होता, ‘वुई ऑल टो द लाइन’, खाली हसऱ्या कामगारांचं चित्र. त्यातला एकही कामगार त्या कंपनीतला नव्हता.

“अहो, पण ही काही मिरवायची गोष्ट नाही,” मी म्हटलं. “आखलेल्या रेषेवर पायाचे अंगठे टेकवून उभं राहायचं, पुढे नाही, मागे नाही, असा मुळातला अर्थ. म्हणजे वरून येईल तसं मुकाट वागायचं. पण त्यात थोडी कुरकुर असते. एखाद्या पुढाऱ्याला पक्षाने दम दिला आणि त्याने मनाविरुद्ध मत दिलं, की पेपरवाले असं लिहितात. आपण होऊन कुणी छातीवर लावून हिंडत नाही.”

“मॅडम, कस्टमरला आवडतं,” ज्ञानेश माझ्या डोक्यावरच्या भिंतीला म्हणाला.

मग मी शिकवलं. मुकाट.

क्लास कँटीनच्या कोपऱ्यात भरायचा, पहिली पाळी सुटल्यावर, साडेतीनला; तेवढ्या तीन महिन्यांपुरती अकराही जणांना पहिलीच पाळी दिली होती. अकरा माणसं हात धुऊन यायची, तरी तेलाचा वास यायचाच. सगळी एका ओळीत बसायची. मी म्हटलं, गोल बसा, मोकळे बसा. तर त्यांनी खुर्च्यांचा इतका नेमका गोल केला की मला आत शिरायला फट राहिली नाही.

‘टो द लाइन’ समजावताना मी आपलं मराठी उदाहरण दिलं. पूजेला यजमान बसतो, गुरुजी भराभर संकल्प सांगतात, आणि यजमान मध्ये मध्ये ‘मम’ म्हणतो. कशाला ‘मम’ म्हटलं ते त्याला ठाऊक नसतं. टूलरूममधला फिटर इम्तियाज म्हणाला, “मॅडम, मग आम्ही बारा वर्षं ममच म्हणतोय.” पुनावळ्याचा गणराज, सगळ्यांत धाकटा, चोवीस वर्षांचा, त्याने हेही लिहून घेतलं. तो माझं खोकणंसुद्धा लिहून घेत असावा अशी मला शंका होती.

कोंडीराम उठून उभा राहिला. सेहेचाळीस वर्षांचा, परभणीकडचा, एकोणीस वर्षं प्रेसवर. बोलण्याआधी तो डावा कान खाजवायचा. ते झाल्याशिवाय त्याच्या तोंडून शब्दच निघत नसे.

“मॅडम, ही रेष मारतंय कोण?”

“ज्याच्या हातात अधिकार असेल तो.”

“अन् त्यानं वाकडी मारली तर?”

मी जरा विचार केला आणि खरं ते सांगितलं, की या वाक्प्रचारात तशी काही सोय नाही. तो “बरं” म्हणून खाली बसला.

क्लासनंतर कंपनीची बस सुटेपर्यंत गेटबाहेरच्या टपरीवर आम्ही चहा घ्यायचो. कोंडीराम कुणाच्या पुढे पुढे करणारा नव्हता, पण तिथे एकदा तो बोलला.

“मॅडम, एक हप्ता फर्स्ट शिफ्ट, एक हप्ता सेकंड, एक हप्ता थर्ड. एकोणीस वर्षं झाली. बायको जागी असती तवा मी झोपेत, अन् मी जागा असलो की तिचा डोळा लागलेला. चिठ्ठी लिहावी तसं बोलतो आमी, दारात उभं राहून. सुपरवायझर जनरल शिफ्टला असतो. साडेआठ ते पाच. मला तेवढंच पायजे. खुर्ची नगं, मान नगं.”

“मग पुढच्या वेळी जमेल की, यंदा नाही जमलं तर.”

“पुढच्या वेळी न्हाई. पंचेचाळीसची अट हाय. मोठ्या सायबानी या येळेपुरती ढिली केलीय.”

मला त्या माणसाची माया वाटली, हे सरळच सांगते. वर्गात कुणाला झुकतं माप देऊ नये असं मी इतरांना सांगत आले आहे. इथे मी दिलं. त्याच्याकडून दुप्पट सराव करून घेतला आणि त्याच्यावर ओरडलेही दुप्पट.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मी म्हटलं, “उद्या साहेब विचारतील, ‘टो द लाइन’ वापरून एक वाक्य करा. करा.”

पहिला उठला. “आय ऑलवेज टो द लाइन.” दुसरा उठला, “आय ऑलवेज टो द लाइन.” सहाव्यापर्यंत तेच. माझं डोकं फिरलं. “अरे, तुम्हाला घर आहे की नाही? दार आहे, माणसं आहेत? आपल्या घरातलं काहीतरी सांगा. आपलं वाक्य!”

कोंडीराम उठला. डावा कान खाजवला.

“इन माय हाऊस, माय वाइफ ड्रॉज द लाइन. आय टो द लाइन. एव्हरी डे लाइन इज न्यू.”

माझ्या घरात रेष बायको आखते, मी तिच्यावर उभा राहतो, रेष रोज नवी. मी इतकी हसले की खडू हातातून पडला. बावीस वर्षांत इतकं जिवंत वाक्य माझ्या वर्गात कुणी केलं नव्हतं. “ओके! व्हेरी गुड!” मी ओरडले. “हे असं पाहिजे! अगदी असं!” आणि ते वाक्य मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं. दहा पेनं एकदम वहीवर टेकली. मला वाटलं, काय ही निष्ठा! आपला गाढवपणा आपल्याला दिसत नसतो, तो असा.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता परीक्षा. ती साहेबांच्या केबिनमध्ये, आणि मी परीक्षक म्हणून शेजारी बसणार. आत जाण्याआधी ज्ञानेशने मला बाजूला घेतलं.

“मॅडम, आत कुणी काहीही बोललं तरी शेवटी कागदावर ‘योग्य उमेदवार नाही’ असं लिहिलेलं असेल. तिथे सही करा. बाहेरून इंजिनिअर घ्यायचा असं जवळजवळ ठरलंय. परीक्षा आपली प्रोसिजर म्हणून. जानेवारीत नवी बॅच आहे, तुमचंच नाव पुढे केलंय.”

आता माझ्यासारख्या तापट बाईने काय करायला हवं होतं? त्याला तिथेच फैलावर घ्यायला हवं होतं. मी पर्सची चेन उघडली आणि पुन्हा लावली. तापट माणसंसुद्धा नेमक्या वेळेला गप्प बसतात, हे मला त्या दिवशी स्वतःवरून कळलं.

प्लांट हेड मुंगसेसाहेब. याच पंचक्रोशीतले, जवळच्याच एका वाडीतले, पण इंजिनिअर होऊन आठ-दहा वर्षं परदेशात काढून आलेले. त्यांच्या तोंडून मराठी शब्द कुणी ऐकला नव्हता. चहासुद्धा इंग्रजीत मागवायचे. त्यांचं बोलणं मी इथे मराठीतच सांगते, एरवी तुम्हाला माझा क्लास लावावा लागेल.

वयाप्रमाणे बोलवायचं ठरलं, लहान तो आधी. म्हणजे पहिला गणराज आणि शेवटचा कोंडीराम. गणराज आला, नाव-गाव-काम नीट सांगितलं. साहेबांनी विचारलं, “टो द लाइन?”

गणराजने डावा कान खाजवला. “इन माय हाऊस, माय वाइफ ड्रॉज द लाइन. आय टो द लाइन. एव्हरी डे लाइन इज न्यू.”

साहेब खळखळून हसले. मी हसले नाही.

दुसरा आला. त्याने डावा कान खाजवला आणि बायकोला रेष आखायला लावली. साहेब पुन्हा हसले, पण जरा कमी. तिसरा इम्तियाज. त्याची बायको मुमताज बाळंतपणाला तीन महिने माहेरी गेलेली होती हे त्याने स्वतःच आधीच्या प्रश्नाला सांगितलं, आणि लगेच कान खाजवून ती घरात रोज नवी रेष आखते असंही सांगितलं. पाचव्याला साहेब हसायचे थांबले. सातवा आत आला तेव्हा साहेबांनीच विचारलं, “बायको रेष आखते?”

“येस सर!” तो आनंदाने म्हणाला. साहेबांना आपल्या घरची माहिती आहे याचा त्याला केवढा अभिमान वाटला! मग त्याने कान खाजवून पूर्ण वाक्य म्हटलंच. अर्धवट काम त्यांच्यात चालत नाही.

दहावा बाहेर गेला आणि साहेबांनी पेन खाली ठेवलं. गणराजला आणि इम्तियाजला परत आत बोलावलं.

“तुझं लग्न झालंय?” गणराजला विचारलं.

“नो सर.”

“मग ही बायको कुठून आली?”

गणराज गोंधळून मराठीत आला. “सर, मला बायको नाही, पण फर्स्ट पीसमध्ये होती.”

साहेबांना कळेना. इम्तियाजने पुढे होऊन खुलासा केला. “सर, काल मॅडमनी फर्स्ट पीस ओके केला. बोर्डवर लावला. अगदी असंच पाहिजे म्हणाल्या. मग आम्ही प्रॉडक्शन चालू केलं.”

मला तेव्हा त्या कारखान्याची रीत कळली. पाळी सुरू झाली की प्रेसमधून निघालेला पहिला नग क्वालिटीवाला मोजतो, सगळं बरोबर असलं तर त्याला ‘ओके’ची चिठ्ठी लावतो, आणि तो नग मशीनशेजारी टांगतात. मग दिवसभर निघणारा प्रत्येक नग हुबेहूब त्यासारखा निघाला पाहिजे. कमी नाही आणि जास्तही नाही. कुणी हुशारीने कड थोडी जास्त गुळगुळीत केली तरी तो माल बाद. अशी माणसं मी घेतली, त्यांच्यासमोर एका वाक्याला जोरात ‘ओके’ म्हटलं, वर फळ्यावर टांगलं, आणि त्यांनी स्वतःची वाक्यं करावीत अशी अपेक्षा ठेवली.

“आणि कान?” साहेब म्हणाले.

“कानावर मॅडमनी काही रिमार्क दिला नव्हता,” गणराज म्हणाला. “म्हणून ठेवला.”

साहेबांनी तोंड खिडकीकडे वळवलं. ती पहिल्या नगाची शिस्त त्यांनीच या कारखान्यात आणली होती. मग त्यांनी विचारलं, “फर्स्ट पीस कुणाचा?”

दोघांनी आपापल्या बुटांकडे पाहिलं. शॉपमध्ये, म्हणजे मशीनच्या खात्यात, साहेबाला कुणी कुणाचं नाव सांगत नाही, मग ते चांगल्यासाठी असो की वाईटासाठी. त्यांना बाहेर पाठवलं आणि कोंडीराम आत आला.

बिचाऱ्याला आत काय झालं याचा पत्ता नव्हता. सकाळच्या पाळीतून उठून आलेला, पण केस ओले करून भांग पाडलेला. नाव सांगितलं, काम सांगितलं, चुका कमी केल्या. मग डावा कान खाजवला. साहेबांनी डोळे मिटले. त्याने ते वाक्य म्हटलं, त्याचं स्वतःचं, त्याच्या घरातलं, आणि ते अकराव्यांदा ऐकताना मलासुद्धा शिळं वाटलं.

“बास,” साहेब म्हणाले.

ज्ञानेशने कागद पुढे सरकवला. “सर, सगळे एकसारखेच आहेत. बाहेरून घेऊ.” मग कागद माझ्यापुढे आला. ‘योग्य उमेदवार नाही’, असं इंग्रजीत. खाली सहीची जागा. कोंडीराम उभाच होता. त्याला तेवढं इंग्रजी वाचता येत होतं, मीच शिकवलं होतं.

मी पेन उघडलं. जानेवारीची बॅच डोळ्यांपुढे आली, खोटं कशाला बोलू? आणि मग मला राग आला. स्वतःचा, ज्ञानेशचा, त्या कँटीनमधल्या हसऱ्या चित्राचा. राग आला की मला बरं वाटतं, हातपाय जागेवर येतात.

“फर्स्ट पीस यांचा आहे,” मी म्हटलं. “बाकीचे दहा नग यांच्यावरून काढलेत. ज्याने मूळ वाक्य केलं त्याला तुम्ही कॉपीत धरताय. मी यावर सही करणार नाही.”

“पुरावा काय मॅडम?” ज्ञानेश म्हणाला. “दहाही जण असंच म्हणतील.”

“पुरावा म्हाळुंग्याला यांच्या घरी आहे! लावा फोन यांच्या बायकोला, आणि विचारा घरात रेष कोण आखतं ते!”

रागात माणूस काहीही बोलतो. पण साहेबांना गंमत वाटली. ते म्हणाले, “लावा.”

कोंडीरामने हात जोडले. “नगं सर,” तो म्हणाला. “फोन नगं. पाया पडतो.”

मला वाटलं, संपलं. वाक्य याने कुठून तरी उचललेलं दिसतंय. ज्ञानेशलाही तेच वाटलं असावं, कारण तो पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांकडे बघून हसला. त्याने रजिस्टरमधून घरचा नंबर काढला आणि साहेबांच्या टेबलावरच्या फोनवरून लावला, आवाज मोठा करून. एकच रिंग गेली.

“हॅलो, कंपनीतून बोलतोय. कोंडीराम यांच्या घरचं कोण आहे?”

पलीकडून बाईचा आवाज आला, अगदी हळू.

“कोणता हात?”

ज्ञानेशला कळलं नाही. “अं? नाही, आम्हाला फक्त विचारायचं होतं की...”

“किती बोटं गेली? कोणत्या दवाखान्यात नेलंय? सकाळीच मनलं होतं हो, चार नंबरच्या प्रेसवर जाऊ नका मनून. काल मनलं होतं, झोप झाली नसली तर आत हात घालू नका, हुकानं वढा. परवा मनलं होतं अंगठी काढून ठिवा. रोज मनते मी, दारात उभं राहून मनते...”

केबिनमध्ये कुणी कुणाकडे बघत नव्हतं. प्रेस शॉपमधल्या माणसाच्या घरी पाळी चालू असताना कंपनीचा फोन जातो तो एकाच कारणाने, हे त्या खोलीत एकट्या कोंडीरामलाच ठाऊक होतं. ज्ञानेशलाही माहीत असायला हवं होतं. ते फोन करायचं काम त्याच्याच खात्याचं होतं.

कोंडीराम टेबलावर वाकला. “अगं मी हाय. मीच बोलतोय. दोनी हात हायत. इंग्रजीची परीक्षा हाय.”

“खोटं बोलू नका,” ती म्हणाली. “शेजारचे भीमराजभाऊपण असंच बोलले होते दवाखान्यातून.” आणि फोन कट झाला. त्याने परत लावायला सांगितलं. बेल वाजत राहिली, कुणी उचललं नाही.

पुरावा सगळ्यांनी ऐकला होता. साहेबांनी माझ्यापुढचा कागद ओढून घेतला. ती ओळ खोडली आणि वर काहीतरी लिहिलं. मग कोंडीरामला अगदी सोप्या, सावकाश इंग्रजीत विचारलं, “पुढच्या आठवड्यात तुझी कोणती शिफ्ट?”

“सेकंड, सर.”

“नाही. जनरल.”

“सर, पण प्रोसिजर...” ज्ञानेश म्हणाला, आणि साहेबांनी बघितल्यावर त्याने रजिस्टर मिटलं.

एकोणीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते त्याला मिळालं होतं, आणि कोंडीरामचं तिकडे लक्षच नव्हतं. तो दरवाजाकडे बघत होता. “सर, मी गेटवर जाऊ का? ती निघाली आसंल.”

आम्ही सगळेच गेलो. साहेब का आले ते मला माहीत नाही, त्यांनी सांगितलं नाही. बाकीचे दहा जण कँटीनच्या दारात उभे राहिले. वीसेक मिनिटांनी एक रिक्षा रस्त्याच्या मधोमध थांबली, मागच्या कंटेनरने हॉर्न मारला, आणि कोंडीरामची बायको रुक्मिणीबाई उतरली. किरकोळ अंगाची बाई, पायांत स्लिपर, मनगटापर्यंत कणीक वाळलेली. गेटवर रखवालदार वही घेऊन पुढे झाला. नाव लिहिल्याशिवाय आणि पास घेतल्याशिवाय बाहेरच्या माणसाने पिवळ्या पट्ट्याच्या आत यायचं नाही असा तिथला नियम आहे, खुद्द मालकालाही सोडत नाहीत म्हणे. ती त्या वहीच्या आणि त्या पट्ट्याच्या वरून सरळ आत आली.

तिने कोंडीरामचे दोन्ही हात धरले, उलटे केले, आणि मोठ्याने बोटं मोजली. दहा झाली. पुन्हा पहिल्यापासून मोजली. मग त्याच्या खांद्यावर जोरात एक चापट मारली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली.

“जनरल मिळाली गं,” कोंडीराम म्हणत होता. “साडेआठ ते पाच. ऐकलंस का?” तिने ऐकलं की नाही कोण जाणे.

मी माफी मागायला पुढे झाले. म्हटलं, फोनची कल्पना माझी, मीच इंग्रजीच्या मॅडम. तिने माझ्याकडे असं पाहिलं की बावीस वर्षांत माझ्यावर कुणी इतकं ओरडलं नव्हतं. मग तिचं लक्ष मागे उभ्या असलेल्या साहेबांकडे गेलं. त्यांच्या बुटांवरून तिने ओळखलं असावं. पदर सारखा केला.

“सायेब,” ती म्हणाली, “चांगलं काय आसंल तर ह्यांच्यापाशीच सांगून धाडत जा. ते घरी आले की कळंल मला. घरी फोन नका करत जाऊ.”

ज्ञानेशने ते साहेबांसाठी इंग्रजीत करायला तोंड उघडलं. साहेबांनी हात वर करून त्याला थांबवलं. त्या कंपनीत कुणी कधी ऐकला नव्हता असा त्यांच्या वाडीचा आवाज बाहेर आला.

“व्हय, ताई,” ते म्हणाले. “न्हाई करणार.”